जुनी गाडी घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी कागद उघडा

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, पण राज्यभर ओळख झाली ती इथल्या घरांमुळे. विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथेच उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या चाव्या दिल्या गेल्या. पुढे १९ जानेवारी २०२४ ला रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. विडी, यंत्रमाग, बांधकाम अशा कामांवर जगणाऱ्या हजारो कुटुंबांना इथे हक्काचं छप्पर मिळालं.

घर झालं की पुढचा विषय निघतो तो गाडीचा. दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन, पोरांची परीक्षा, सगळ्यालाच गाडी लागते. नवी गाडी परवडत नाही, मग सुरू होतो शोध सेकंड हँडचा. दोन-अडीच लाखांत चारचाकी मिळते खरी, पण ते दोन-अडीच लाख म्हणजे बऱ्याच घरांत कित्येक वर्षांची बचत, बचत गटाचं कर्ज नाहीतर मोडलेला दागिना असतो. एक चुकीची गाडी घेतली की ते सगळं एका झटक्यात जातं.

आता जुनी गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण काय करतात? टायरला लाथ मारून बघतात, बोनेट उघडतात, इंजिनचा आवाज ऐकतात. हे करायलाच पाहिजे. पण बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं, क्लच प्लेट बदलता येते. गाडी नावावरच होत नसेल तर मात्र कुठलाच मिस्त्री ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा, आधी कागद, मग गाडी आणि शेवटी पैसे.

"नोटरी करून देतो" म्हणजे नेमकं काय देतो?

जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य हमखास ऐकू येतं. स्टॅम्प पेपरवर करारनामा, त्यावर नोटरीचा शिक्का, सोबत मालकाने सही करून ठेवलेले कोरे फॉर्म. गाडी घेऊन जा, नावावर कधीही करा.

नोटरी केलेला कागद हा फक्त व्यवहार झाल्याचा पुरावा असतो. गाडीची मालकी आरटीओच्या नोंदीत बदलावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. विकणाऱ्याचा तो २९ नंबरचा फॉर्म, घेणाऱ्याचा ३० नंबरचा. दलालाच्या तोंडी असलेलं "२९-३० वर सह्या घेतल्यात" ते हेच.

पण सह्या घेणं वेगळं आणि ते फॉर्म आरटीओत जाणं वेगळं. फॉर्म गाडीच्या कप्प्यात पडून राहिले तर कायद्याच्या नजरेत मालक जुनाच राहतो.

याची किंमत किती मोठी असते ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालातून कळतं. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. नंतर ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला, त्यात जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक आणि जबाबदारीही त्याचीच. गाडी कधीच विकली होती, हे सांगून त्याची सुटका झाली नाही.

म्हणजे नाव न बदलण्याचा फटका विकणाऱ्याला बसतो. मग घेणाऱ्याचं काय जातं? त्याचंही जातं. गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे मागताना अडचण येते. उद्या तीच गाडी विकायची म्हटलं तर पुन्हा त्या जुन्या मालकाला शोधत फिरावं लागतं. तो परगावी गेला असेल, फोन नंबर बदलला असेल किंवा वारला असेल तर प्रकरण आणखी किचकट होतं. मालक वारल्यावर त्याच्या सह्यांचे जुने फॉर्म उपयोगाचे राहत नाहीत. आधी ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते.

आणखी एक गोष्ट. आता नाव बदलण्याची प्रक्रिया परिवहन विभागाच्या वेबसाइटवरून सुरू होते आणि ओटीपी जातो गाडीच्या नोंदीला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर बंद असेल तर काम तिथेच अडतं. म्हणून "नोंदीला जोडलेला नंबर चालू आहे का?" हा प्रश्न इसार देण्याआधीच विचारायचा.

आरसी कशी वाचायची?

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्सवर आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर भागवू नका. मग एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून दोन्हीकडची माहिती जुळते का ते बघा. त्यात या गोष्टी तपासायच्या.

मालकाचं नाव: समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? "भावाची गाडी आहे", "मित्राची आहे" असं उत्तर आलं तर खऱ्या मालकाशी समोरासमोर बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बनावटीचा महिना आणि वर्ष: नोंदणी २०१७ ची आणि गाडी बनलेली २०१६ ची, असं असू शकतं. त्यात गैर काही नाही, पण भाव २०१६ च्या हिशोबाने व्हायला हवा.

नोंदणीची मुदत: खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०१२ ची गाडी आज स्वस्तात मिळत असेल तर तिची मुदत २०२७ मध्ये संपते. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्याशिवाय पर्यावरण कर आणि तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती, हा खर्चही घेणाऱ्याच्याच माथी येतो.

चेसिस आणि इंजिन नंबर: आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. अक्षरं वेडीवाकडी असतील, भोवतीचा पत्रा घासलेला किंवा पुन्हा जोडलेला दिसत असेल तर तिथूनच माघारी फिरायचं. अपघातात पार गेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. गाडीवर चोरीची नोंद आहे का, हे एनसीआरबीच्या ऑनलाइन सेवेतूनही तपासता येतं.

इंधनाचा प्रकार: गाडीत सीएनजी किट आहे पण आरसीवर फक्त पेट्रोल लिहिलंय, असं असेल तर ते किट बेकायदा बसवलेलं आहे. किट नोंदवलेलं असेल तरी सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते विचारा.

नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक केलीय. त्यासाठीची मुदत २०२५ मध्ये अनेकदा वाढवली गेली. प्लेट नसेल तर आरटीओतली कामं अडतात. म्हणून ती विकणाऱ्यानेच बसवून द्यायची, असं ठरवून घ्या.

चलन: ई-चलनच्या वेबसाइटवर किंवा महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर टाका. पुण्या-मुंबईत वापरलेल्या गाडीवर सिग्नल आणि वेगमर्यादेची चलनं साठलेली असू शकतात. ती फेडल्याशिवाय व्यवहार करू नका.

बोजा उतरला का?

गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं. यालाच लोक बोजा किंवा एचपी म्हणतात. कर्ज फिटलं म्हणून हे नाव आपोआप जात नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घ्यावा लागतो, तो आरटीओत द्यावा लागतो, मग नाव उतरतं.

"कर्ज कधीच फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय," असं सांगितलं जातं. खरंही असू शकतं. पण मग ते काम आधी त्यांनी करावं. बँकेच्या ना-हरकत पत्राला बऱ्याचदा तीन महिन्यांचीच मुदत असते. ती उलटून गेली तर पुन्हा बँकेत खेटे घालावे लागतात.

कर्ज चालू असताना "उरलेले हप्ते तुम्ही भरा" असा व्यवहार तर टाळलेलाच बरा. हप्ते तुम्ही भरता, पण कर्ज आणि गाडी दोन्ही दुसऱ्याच्या नावावर राहतात. हप्ता थकला तर कंपनीची माणसं गाडी उचलून नेतात आणि घेणाऱ्याच्या हातात फक्त भरलेल्या पावत्या उरतात.

केए, तेलंगण, दिल्ली: परराज्यातली स्वस्त गाडी

कुंभारीवरून जाणारा रस्ता पुढे अक्कलकोटला जातो आणि अक्कलकोट तालुक्याला लागूनच कर्नाटक आहे. कलबुर्गीची केए ३२ आणि विजयपुराची केए २८ पासिंगची गाडी या भागात नवलाची नाही. सोलापूरचं हैदराबादशी नातं जुनं, तेलुगू भाषक कुटुंबं मोठ्या संख्येने इथे राहतात, त्यामुळे तिकडच्या पासिंगच्या गाड्याही येतात. त्यात दिल्लीच्या गाड्यांची भर पडली. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. मग तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत कमी भावात विकल्या जाऊ लागल्या.

गाडी दिसायला चकाचक आणि भाव इथल्यापेक्षा कमी. मग घोडं कुठे अडतं?

पहिली गोष्ट, मूळ आरटीओची एनओसी. ती २८ नंबरच्या फॉर्मवर मिळते. ती नसेल तर सोलापूरच्या आरटीओत गाडी नावावर होत नाही आणि एमएच १३ नंबरही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, कर. पहिल्या मालकाने आयुष्यभराचा कर कर्नाटकात भरला, महाराष्ट्रात नाही. गाडी इथे आणली की गाडीचं वय आणि मूळ किंमत बघून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण तो त्या राज्याच्या आरटीओकडे आणि नियमाप्रमाणे पात्र असेल तरच. गाडी जितकी महागड्या मॉडेलची, तितका कराचा आकडा मोठा.

तिसरी गोष्ट, वेळ. परराज्याच्या नंबरवर गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी घ्यावी लागते, असं कलम ४७ सांगतं. "केएवरच चालवा, कोण विचारतंय?" हा सल्ला पोलिसांनी अडवेपर्यंत किंवा अपघात होईपर्यंतच चालतो.

म्हणून परराज्यातली गाडी बघताना सोलापूर आरटीओत जाऊन कराचा अंदाज आधी काढायचा. तो आकडा, एनओसीचा खर्च आणि हेलपाटे गाडीच्या किमतीत मिळवून बघितलं की ५० हजारांनी स्वस्त वाटणारी गाडी बऱ्याचदा महाग निघते.

दलालाकडून घेताय?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नवे नियम लागू झालेत. त्यानुसार डीलरने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना ऑनलाइन द्यायची आणि मग त्या काळातली जबाबदारी डीलरची. गाडीच्या फेऱ्यांची नोंदवहीही त्याने ठेवायची. म्हणून पहिला प्रश्न हाच, अधिकृत प्रमाणपत्र आहे का?

दुसरा मुद्दा जीएसटीचा. "जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो," असं सांगून पूर्ण किमतीवर कर मागितला तर सावध व्हा. २०२५ च्या सुरुवातीपासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे हे खरं, पण तो नोंदणीकृत व्यावसायिकाला लागतो आणि तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर जीएसटी लागत नाही.

विमा आहे, पण कोणाचा?

"विमा अजून आठ महिने चालू आहे" हे ऐकून बरं वाटतं. पण विमा नावावर करून घ्यायला हवा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. समोरच्या माणसाच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा भाग कायद्याने गाडीसोबत येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचे पैसे नाकारले जाऊ शकतात.

आणखी एक बारीक मुद्दा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, ५० टक्क्यांपर्यंत जातो. पण तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. पॉलिसी नावावर करताना तेवढा फरक घेणाऱ्याला भरावा लागतो. त्याच वेळी कंपनीकडून आधीच्या क्लेमची माहिती मिळते का ते बघा. मालक म्हणतो "एक ओरखडा नाही" आणि पॉलिसीवर बोनस शून्य, असं दिसलं तर कारण विचारलंच पाहिजे.

आता बोनेट उघडा

कागद जुळले, मग गाडीकडे वळायचं. गाडी दिवसाउजेडी बघायची, सकाळी इंजिन गार असताना आणि न धुतलेली असेल तर उत्तम. सोबत ओळखीचा मिस्त्री न्यायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. त्याला पाचशे-हजार द्यावे लागले तरी ते पैसे वसूल होतात.

पुराची गाडी: सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत पाणी शिरलं. त्याआधी २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्येच चिपळूण. अशा पुरात बुडालेल्या काही गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. त्या ओळखायच्या कशा? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसतो का बघा. सीटखालची पट्टी गंजलीय का? मॅटिंगखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ किंवा ओल आहे का? काचा बंद करून दहा मिनिटं बसा, कुबट वास येतो का? कोऱ्या सीट कव्हरचा आणि अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच शंका घ्यायची. पुराच्या गाडीचं खरं दुखणं वायरिंगमध्ये असतं आणि ते काही महिन्यांनी वर येतं.

ठोकलेली गाडी: बोनेट, दरवाजे, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? दरवाजाचं रबर ओढून आतला पत्रा बघा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का? लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी भरलेली असू शकते, पण बंपरसारखे प्लास्टिकचे भाग सोडून. काचांवरची वर्षाची खूण एकसारखी नसेल तर कुठली काच का बदलली ते विचारा. बंपर बदललेला असणं चालतं. चेसिस, पिलर, एप्रन यांना मार लागलेला असेल तर गाडी सोडून द्यायची.

एअरबॅग: चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर आणखी वाईट, अपघातात उघडलेली एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

मीटर: डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. म्हणून मीटरवरचा आकडा एकटा धरू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळू शकतात, मालकाला सोबत घेऊन त्या काढा. ४० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग घासलेलं आणि ड्रायव्हरची सीट बसलेली असेल तर आकडा खोटा आहे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर किती जुने ते यावरून कळतं. पाचही टायर तपासा, स्टेपनीसकट.

इंजिन: गार इंजिन एका स्टार्टमध्ये सुरू व्हायला हवं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सतत पांढरा दाट धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर इंजिनमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, हा मोठा खर्च. स्कॅनर लावणारा मिस्त्री असेल तर कॉम्प्युटरमधले बिघाडही वाचून घ्या.

एसी: सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. एसी सुरू करून गाडी दुपारी पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. काटा तापतोय का आणि एसी गार हवा देतोय का, दोन्ही एकदमच कळतं.

मग गाडी स्वतः चालवा, निदान दहा-पंधरा किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खराब रस्त्यावर सस्पेंशन खडखडतं का, गिअर अडकतो का, सगळं बघून घ्या. रेडिओ बंद ठेवा.

डिझेल घेणाऱ्यांसाठी एक इशारा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात चालावी लागते. रोज कुंभारी ते सोलापूर एवढंच जाणं-येणं असेल तर तो तुंबतो आणि बदलायला मोठा खर्च येतो. रोजच्या छोट्या फेऱ्यांना पेट्रोल किंवा सीएनजी बरं.

पांढऱ्या पाटीवर वडाप नको

गाडी घेऊन घरखर्च निघावा म्हणून काही जण वडाप किंवा शाळेची मुलं ने-आण सुरू करतात. खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेणं परमिटशिवाय बेकायदा आहे. मुख्य म्हणजे खासगी विम्याच्या अटीच मोडतात. अशात अपघात झाला तर गाडीचे पैसे मिळत नाहीत आणि जखमींची भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. धंदा करायचाच असेल तर पिवळी पाटी, परमिट आणि त्याचा विमा हे सगळं धरूनच हिशोब मांडा.

उलटंही तपासा. स्वस्तात मिळणारी पांढऱ्या पाटीची गाडी आधी टॅक्सी होती का? ती लाखो किलोमीटर चाललेली असू शकते.

भाव कसा ठरवायचा?

पॉलिसीवर गाडीची विम्याची किंमत, म्हणजे आयडीव्ही लिहिलेली असते. विमा कंपन्या चार-पाच वर्षांच्या गाडीची किंमत नव्या किमतीच्या निम्मी धरतात. बाजारभाव याहून थोडा वरखाली असतो, पण घासाघीस करायला तो चांगला आधार आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा जुन्या, महागड्या काळातली किंमत सांगत असेल तर आजची नवी किंमत त्याच्यासमोर ठेवा.

समजा गाडी अडीच लाखांना ठरली. चार टायर २० हजार, बॅटरी पाच हजार, सर्व्हिस आठ हजार, विमा दहा हजार, आरटीओ आणि एजंट पाच हजार. गाडी पडली २ लाख ९८ हजारांना. खिशात अडीचच लाख असतील तर दोन लाखांची गाडी शोधायची. उरलेले पैसे याच खर्चाला लागतात.

पैसे देताना

इसार थोडाच द्या आणि पावतीवर लिहून घ्या, कागदात अडचण निघाली तर इसार परत. मोठी रक्कम रोख देऊ नका, मालकाच्या बँक खात्यात पाठवा. दलालाच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या खात्यात नाही. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहून ठेवा, त्याआधीच्या चलन-अपघाताची जबाबदारी कोणाची हे पुढे भांडायला नको. मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या, सर्व्हिसची पुस्तिका, बोजा उतरल्याचा कागद आणि परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, हे सगळं हातात आल्यावरच पूर्ण पैसे.

शक्य असेल तर थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवायची, तसं आधीच ठरवून आणि लिहून. पैसे अडकलेले असले की ओटीपीसाठी केलेला फोन विकणारा लगेच उचलतो.

आणि विकणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. गाडी दारातून गेली म्हणजे सुटलो असं नाही. २९ नंबरचा फॉर्म १४ दिवसांत आरटीओत दिला की नाही, त्याची पोच घेतली की नाही आणि महिन्या-दीड महिन्याने अॅपवर नंबर टाकून नाव बदललंय का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं काढली नाहीत तर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची नोटीस आपल्या दारात येऊ शकते.